गिअर पडेना, तेव्हा आधी कुठे बघायचं?

दर आठवड्याला या वेळी आपण बचत, कर्जाचे हप्ते, पापड-कोकमाचा धंदा असं काहीबाही बोलतो. आज मात्र विषय वेगळा आहे. आज आम्ही पॉवर टिलरच्या गिअरबद्दल बोलणार आहोत. हसू नका. गेल्या पावसाळ्यात आम्हाला इतर गटांच्या बायकांचे जेवढे फोन आले, त्यातले बरेचसे एकाच वाक्याने सुरू झाले होते: "ताई, गिअर गेला वाटतं."

आता लावणी तोंडावर आली आहे. आपल्या सिंधुदुर्गात बैलजोड्या कमी झाल्या आणि चिखलणीचा सगळा भार टिलरवर आला. सरकारच्या कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत महिलांना अनुदान जास्त मिळतं, त्यामुळे कितीतरी गटांनी टिलर घेतले, अवजार बँका सुरू केल्या. मशीन दारात आलं, हार घातला, नारळ फोडला, फोटो काढला. पण ते बंद पडल्यावर काय करायचं, हे कोणी सांगितलं नव्हतं. आम्हालाही नाही. आम्ही शिकलो ते नुकसान सोसून. तेच आज सांगतो.

पहिल्या वर्षीची गोष्ट. ऐन आषाढात आमचा टिलर एका कुणग्यात अडकला. इंजिन जोरात ओरडत होतं, पण लोखंडी चाकं जागची हलत नव्हती. मेरेवर माणसं जमली. एक आजोबा म्हणाले, "ह्यां बायकांचां काम न्हय." आमच्यातल्या दोघी-तिघी रडकुंडीला आल्या. एका गॅरेजमध्ये फोन केला. तिकडून उत्तर आलं की गिअरबॉक्स गेला असणार, टेम्पोत घालून आणा, खोलावा लागेल. सगळं मिळून चारशे किलोच्या वरचं ते धूड. चिखलातून रस्त्यापर्यंत काढायलाच एक दिवस गेला. टेम्पो मिळायला दुसरा दिवस.

तिसऱ्या दिवशी दुसरे एक मेकॅनिक दादा वाटेत भेटले. त्यांनी टेम्पोतच बाजूचं झाकण काढलं, पट्ट्यावर अंगठा दाबला. पट्टा आत आत गेला. त्यांनी इंजिनचे बोल्ट सैल केले, इंजिन थोडं पुढे सरकवलं, बोल्ट आवळले. अर्धा तासही लागला नाही. गिअरबॉक्सला त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

पण आमचे तीन दिवस गेले ते गेलेच. त्या तीन दिवसांत आमच्या वाडीतल्या एका काकींचा नंबर होता. एकट्या राहतात, दोन कुणगे आहेत. पावसाने आधीच उशीर झाला होता. त्यांचा तरवा महिन्याच्या वर गेला. तरवा २१ ते २५ दिवसांचा असताना लावला तर चांगले फुटवे येतात, हे आपल्यापैकी प्रत्येकीला ठाऊक आहे. त्यांची लावणी झाली, पण भात विरळच राहिलं. काकी आम्हाला एका शब्दाने बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी मात्र त्यांनी आमच्याकडे नंबर लावला नाही, पलीकडच्या वाडीतून जोत आणलं. गटाच्या बैठकीत आम्ही टेम्पोच्या भाड्याचा हिशेब मांडला, पण काकींच्या भाताचा हिशेब कुठल्या रकान्यात लिहायचा ते कोणालाच कळेना.

म्हणून आज एकच गोष्ट पक्की सांगायची आहे. गिअर पडत नाही, मशीन ओढत नाही, आवाज येतो, म्हणजे गिअरबॉक्स गेला असं धरून चालू नका. इंजिनापासून चाकापर्यंत क्रमाने बघत जा. पुष्कळ वेळा दोष गिअरबॉक्सच्या बाहेरच सापडतो. आणि खरोखर आतला दोष असेल, तर तोही लवकर ओळखता येतो आणि मोठा खर्च वाचतो.

हा क्रम समजायला पिठाची गिरणी डोळ्यांसमोर आणा. मोटर एकीकडे, जातं दुसरीकडे, मधे पट्टा. मोटर फिरते आणि जातं फिरत नाही, तेव्हा गिरणीवाला आधी जातं उघडत नाही, पट्टा बघतो. टिलरचंही तसंच. पुढे इंजिन. इंजिनाच्या पुलीवरून रबरी पट्टे मागे जातात, ज्यांना व्ही-बेल्ट म्हणतात. आमच्या मशीनला ते तीन आहेत. पट्टे फिरवतात मेन क्लचची पुली. क्लचमधून जोर जातो गिअरबॉक्सात. गिअरबॉक्समधून तो डाव्या-उजव्या चाकांना जातो, आणि एक वाट मागे रोटरीला, म्हणजे चिखल करणाऱ्या पात्यांना जाते. इंजिन, पट्टा, क्लच, गिअरबॉक्स, चाक आणि रोटरी. ही ओळ आम्ही टिलरच्या खोलीत भिंतीवर खडूने लिहून ठेवली आहे.

कशालाही हात लावायच्या आधी तीन कामं. इंजिन बंद करा. चाकाला दगड लावा. आणि सगळं थांबलं याची खात्री होईपर्यंत झाकण उघडू नका. चालू पट्ट्याजवळ बोट गेलं तर ते परत येत नाही. साडीचा पदर, ओढणी, सुटी वेणी, लोंबणारं मंगळसूत्र, हे सगळं आधी आवरा. आमच्याकडे टिलर चालवणाऱ्या बाईने पायजमा आणि तोकडा सदराच घालायचा, असा गटाचा ठराव आहे. सुरुवातीला वाडीत कुजबुज झाली. आता होत नाही.

आता एकेक तक्रार घेऊ.

पहिली तक्रार: इंजिन जोरात चालतं, पण मशीन ओढत नाही. मोकळ्या जमिनीवर चालतं, चिखलात गेलं की थांबतं. आधी पट्टे बघा. रबर जळल्याचा वास येतो का? चालताना किंचाळल्यासारखा आवाज येतो का? झाकणाच्या आत काळी भुकटी साचली आहे का? पट्ट्याच्या आतल्या कडा आरशासारख्या चकचकीत झाल्या आहेत का? यातलं एक जरी असेल तरी पट्टा घसरतो आहे. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबून बघा. आमच्या मशीनला दीड-दोन सेंटीमीटर दबला तर बरोबर. तुमच्या मशीनचा आकडा पुस्तिकेत दिलेला असेल, तो बघून घ्या. सैल असेल तर इंजिनाचे बोल्ट ढिले करून, ताणाचा बोल्ट फिरवून इंजिन पुढे घ्यायचं. ते सरळच सरकलं पाहिजे. वाकडं राहिलं तर पट्टा एका कडेने झिजतो. एक दोरी दोन्ही पुलींच्या कडेला ताणून धरली की वाकडेपणा लगेच दिसतो.

पट्टा गच्च आवळूही नका. फार ताणला तर बेअरिंगवर भार येतो. पट्ट्याला तेल किंवा चिखल लागला असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. आणि तीनपैकी एक तुटला तरी तिन्ही नवे घाला. जुने ताणलेले असतात, मग सगळा भार एकट्या नव्यावर येतो आणि तोही लवकर जातो. नवे पट्टे थोड्या तासांच्या कामानंतर सैल होतात, तेव्हा पुन्हा ताण बघायचा. पहिल्या वर्षी आम्हाला नेमकं हेच माहीत नव्हतं. मशीन नवं, पट्टे नवे, मग बघायचं कशाला, असं आम्हाला वाटलं होतं.

पट्टे ठीक आहेत आणि तरीही ओढत नाही, तर पुढची पायरी क्लच. क्लचच्या दांड्याला थोडी मोकळी चाल असावी लागते. ती अजिबात उरली नाही तर क्लच पूर्ण बसत नाही, आतल्या प्लेटी घासत राहतात, क्लचची बाजू तापते आणि जळका वास येतो. दांड्याच्या सळीवर नट असतो, त्याने ही चाल कमी-जास्त करता येते. नट फिरवण्याआधी तो कुठे होता तिथे रंगाची किंवा नेलपॉलिशची खूण करा. चुकलं तर परत जागेवर आणता येतं. चाल नीट लावूनही क्लच घसरत असेल तर प्लेटी झिजल्या आहेत, ते काम मेकॅनिकचं.

दुसरी तक्रार: गिअर पडत नाही, किंवा पडताना खर्र असा आवाज येतो. इथे क्लचची उलटी बाजू बघायची. मोकळी चाल जास्त झाली असेल तर दांडा ओढूनही क्लच पूर्ण सुटत नाही. आतली चक्रं फिरतच राहतात आणि फिरत्या चक्रात दुसरं चक्र घुसवायला गेलं की दात दातावर घासतात. दुसरं कारण आपला हात. टिलरचा गिअर मोटारीसारखा चालता चालता बदलायचा नसतो. ॲक्सिलेटर कमी करा, क्लच सोडवा, मशीन पूर्ण थांबू द्या, मग गिअर टाका. कधी दात दातासमोर येऊन अडतात. अशा वेळी क्लच किंचित लावून पुन्हा सोडवा, चक्र थोडं फिरतं आणि गिअर पडतो. दांड्यावर लाथ मारणं, दगडाने ठोकणं, दोघींनी मिळून लटकणं, हे सगळे प्रकार आम्ही केले आहेत. त्यात दांडा वाकतो, दुसरं काही होत नाही.

तिसरं कारण साधा चिखल. गिअरच्या दांड्याच्या बुडाशी चिखल भरून वाळला की दांडा पूर्ण शेवटपर्यंत जात नाही. रोज संध्याकाळी ती जागा धुऊन, पुसून, थोडं ग्रीस लावलं तर ही तक्रारच येत नाही. मशीन वर्षभर गोठ्यात उभं राहिलं असेल तर क्लचच्या प्लेटी एकमेकींना चिकटतात. म्हणून मिरगाच्या आधी एकदा चालू करून, क्लच चार-पाच वेळा लावून-सोडवून बघा. ऐन लावणीच्या सकाळी हे कळून उपयोग नाही.

इथे एक गंमत सांगतो. आमच्यातल्या एकीने ठामपणे सांगितलं की रिव्हर्स गिअर बिघडला. सगळ्यांनी ओढून पाहिलं, पडेना. शेवटी पुस्तिका उघडली. रोटरी चालू असताना रिव्हर्स पडू नये अशी अटकावणी मशीनमध्ये मुद्दाम ठेवलेली असते. कारण टिलर मागे आला तर मागे आपले पाय असतात आणि पाती फिरत असतात. म्हणजे मशीन बिघडलेलं नव्हतं, ते आपले पाय वाचवत होतं. कोणी म्हणेल, ती अटकावणी काढून टाकतो, काम लवकर होईल. त्याला हात लावू देऊ नका.

तिसरी तक्रार: गिअर आपोआप सुटतो. टाकला, दहा पावलं गेलो, की दांडा न्यूट्रलला. आधी बघा, दांडा पूर्ण बसतो आहे का. चिखल किंवा वाकलेला दांडा असेल तर तो अर्धाच बसतो. तसं नसेल तर दोष आत आहे. गिअर जागेवर धरून ठेवणारी गोळी आणि स्प्रिंग असते, चक्र सरकवणारा फोर्क असतो, ते झिजतात. किंवा चक्राचे दात गोल झालेले असतात. ही तक्रार आपण सोडवायची नाही आणि पुढेही ढकलायची नाही. दांडा सुतळीने बांधून काम उरकणारे लोक आहेत. उतारावर गिअर सुटला तर चारशे किलोचं मशीन माणसाला ओढत नेतं. काम थांबवा, मेकॅनिक बोलवा.

उताराचा विषय निघाला, तर तो पुरताच सांगतो, कारण आपली शेतं घाटी उतरून आहेत. टिलर वळवायला मुठीखाली दोन दांडे असतात. डावा दाबला की डाव्या चाकाचा जोर सुटतो, उजवं चाक पुढे जातं आणि मशीन डावीकडे वळतं. हे सपाटीवर. उतारावर मात्र डावा दांडा दाबला की डावं चाक मोकळं होऊन जास्त वेगाने घरंगळतं आणि मशीन उजवीकडे जातं. नेमकं उलट. हा बिघाड नाही, पण माहीत नसलेल्या बाईला वाटतं स्टिअरिंग गेलं, ती घाबरून आणखी जोरात दाबते. म्हणून उतारावर हे दांडे वापरायचे नाहीत. सर्वांत खालच्या गिअरमध्ये, हळू, मुठी ढकलून दिशा द्यायची. क्लच सोडवायचा नाही, गिअर न्यूट्रल करायचा नाही. आणि मशीनच्या खालच्या बाजूला पोराबाळांना उभं करायचं नाही.

सपाटीवर एका बाजूला वळतच नसेल, किंवा आपोआप एकाच बाजूला जात असेल, तर या दांड्यांच्या तारा किंवा सळ्या बघा. दोन्ही बाजूंची मोकळी चाल सारखी हवी. एक ताणलेली आणि एक सैल असेल तर असं होतं. रबरी चाकं लावली असतील तर दोन्हींतली हवाही सारखी आहे का ते बघा.

चौथी तक्रार: चाकं चालतात, रोटरी फिरत नाही. रोटरीचा दांडा पूर्ण बसला आहे का बघा. मग इंजिन बंद करून पात्यांत मूळ, दगड, नायलॉनची दोरी अडकली आहे का बघा. ही दोरी फार वाईट. ती शाफ्टला गुंडाळत गुंडाळत आत शिरते आणि तेल अडवणारं रबरी सील कापते. ते सील कापलं की तेल बाहेर आणि पाणी आत. आमच्या मशीनच्या रोटरीला बाजूच्या पेटीत साखळी आहे. साखळी सैल झाली की खडखड वाजते, तुटली की पाती थांबतात. त्या पेटीचं तेल गिअरबॉक्सपेक्षा वेगळं असतं, ते वेगळं तपासावं लागतं. गिअरबॉक्समध्ये तेल आहे म्हणून तिकडेही असेल, असं नसतं.

आता पाचवी आणि सगळ्यांत महागाची तक्रार: घरघर आवाज येतो, गिअरबॉक्स हात लावू देत नाही इतका तापतो. इथे दुसऱ्या वर्षीची आमची चूक कबूल करतो. इंजिनाचं तेल आम्ही नेमाने बघत होतो. गिअरबॉक्सचं तेल दीड वर्ष कोणीच पाहिलं नव्हतं. प्रत्येकीला वाटलं दुसरीने पाहिलं असेल. श्रावणात घरघर सुरू झाली. लावणीचे शेवटचे दोन कुणगे राहिले होते, म्हणून तेवढं ओढलं. नंतर तेलाची काडी काढली तर तेल दुधाच्या चहासारखं झालं होतं.

तेल असं चहासारखं झालं, म्हणजे त्यात पाणी गेलं आहे. आपण मशीन चाकाच्या आसापर्यंत चिखलात घालतो, सील फाटलेलं असलं की पाणी आत जातं. पाणी मिसळलेलं तेल दातांवर टिकत नाही, लोखंड लोखंडावर घासतं. आमची दोन बेअरिंगं गेली. त्या वर्षीच्या भाड्यातून कर्जाचा जो हप्ता भरायचा होता, तो गेला दुरुस्तीत. हप्ता आम्ही एकेकीने घरून आणून भरला. कोणी अंडी विकून, कोणी काजूच्या पैशातून. सील वेळेवर बदललं असतं तर हे सगळं टळलं असतं. यात दोष मेकॅनिकचा नव्हता, मशीनचा नव्हता, आमचा होता.

म्हणून गिअरबॉक्सचं तेल कसं बघायचं ते ऐका. मशीन सपाट जागी, इंजिन बंद, थोडा वेळ थांबून काडी काढा. पातळी खुणेपर्यंत हवी. रंग बघा. दोन बोटांत घेऊन चोळा. बारीक करडी भुकटी थोडी असणं चालतं. चमकणारे कपचे, खरखरीत तुकडे आले तर मशीन चालवू नका, आत काहीतरी तुटलं आहे. तेल कमी असेल तर खाली जमिनीवर, आसाजवळ, सीलपाशी डाग शोधा, कारण कुठून तरी ते गेलं आहे. तेल घालायचं ते पुस्तिकेत सांगितलेल्या नंबरचंच. आमच्या मशीनला ९० नंबरचं गिअर तेल लागतं. इंजिनाचं उरलेलं तेल तिकडे ओतू नका. नव्या मशीनचं पहिलं तेल लवकर बदलायचं असतं, कारण नव्या चक्रांची भुकटी त्यात उतरते. तेल काढताना मशीन थोडं चालवून गरम करून घ्या, म्हणजे घाणही बरोबर निघते. आणि काढलेलं तेल व्हाळात किंवा शेतात ओतू नका. कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या.

आता मेकॅनिककडे जायचंच झालं तर कसं जायचं? "गिअर गेला" एवढंच सांगू नका. आम्ही चार गोष्टी लिहून नेतो. तक्रार कधीपासून आहे. कोणत्या गिअरमध्ये येते. मशीन थंड असताना येते की तापल्यावर. क्लच सोडवल्यावर आवाज थांबतो की चालूच राहतो. या शेवटच्या गोष्टीवरून बरंच कळतं. क्लच सोडवताच आवाज थांबला तर तो बहुधा गिअरबॉक्सच्या बाजूचा असतो. चालूच राहिला तर इंजिन, पट्टा किंवा क्लचच्या पुलीकडचा. ज्या दादांनी टेम्पोत पट्टा आवळून दिला, ते आम्हाला नेहमी म्हणतात, "आवाज खयसून येता, तां आधी बघा. घाई करू नकात." बदललेला जुना भाग परत मागा, बिल घ्या. यात अविश्वास नाही. तो तुकडा बैठकीत सगळ्यांना दाखवता येतो आणि पुढच्या वेळी काय बघायचं ते कळतं.

आमच्या टिलरला आता एक वही आहे. दांड्याला पिशवी बांधून त्यात ठेवलेली. त्यात तारीख, कोणाच्या कुणग्यात, किती तास, कोणी चालवला, पट्टे बघितले, दोन्ही तेलं बघितली, आणि सही. ज्या दिवशी सही नाही, त्या दिवशी मशीन बाहेर पडत नाही. भाड्यातला एक हिस्सा दुरुस्तीच्या डब्यात जातो आणि त्याला दुसऱ्या कशासाठीही हात लावायचा नाही. खोलीत पट्ट्यांचा एक जादा जोड, एक जादा सील आणि पान्यांचा संच ठेवला आहे. पुस्तिका इंग्रजीत होती. आमच्यातल्या शिकलेल्या दोघींनी बसून तेल, पट्टा आणि क्लच एवढी तीनच पानं मराठीत उतरवली. ज्या गटाला हवी असतील त्यांनी ग्रामसंघाकडून छायाप्रत घ्यावी. शिकायचं असेल तर आपल्या जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. दापोलीच्या कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीचं महाविद्यालय आहे, तिथेही चौकशी करता येते.

आणि एक विनंती. हे शिकायचं काम गटातल्या एकाच हुशार बाईवर टाकू नका. ती माहेरी गेली, आजारी पडली, की मशीन पुन्हा मुकं. निदान तिघींना पट्टा आवळता आला पाहिजे आणि प्रत्येकीला तेलाची काडी वाचता आली पाहिजे. ज्या बाईला लिहिता येत नाही, तिलाही चहाचा रंग कळतो.

गेल्या वर्षी लावणीत आमचा टिलर दोनदा थांबला. एकदा पट्टा सैल झाला होता, एकदा दोरी अडकली होती. दोन्ही वेळा तासाभरात पुन्हा चालू झाला आणि दोन्ही वेळा आपल्याच बायकांनी केला. मेरेवर तेच आजोबा उभे होते. काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या कुणग्यासाठी नंबर लावला.

त्या काकी यंदा आमच्याकडे आल्या. त्यांनी तरवा कधी पेरला ते विचारून आम्ही वहीत आधी त्यांची तारीख लिहिली आहे, २२व्या दिवसाची. आदल्या संध्याकाळी पट्टे आणि तेल बघायला कोण जाणार, तेही तिथेच लिहिलं आहे.

तुमचा टिलर गोठ्यात उभा असेल तर आज संध्याकाळीच दोघी-तिघी मिळून जा. इंजिन बंद आहे ना बघा, झाकण काढा, पट्टा अंगठ्याने दाबा, तेलाची काडी काढून उजेडात धरा. काही अडलं तर पुढच्या आठवड्याच्या कार्यक्रमाआधी रेडिओ केंद्रावर कळवा, आम्ही उत्तर देऊ. नमस्कार.